वंशावळीतले नाव

वाचकहो, आज एक चूक कबूल करून लेखाला सुरुवात करतो. चूक माझीच आहे आणि ती व्यासपीठाजवळ, गळ्यात वीणा असताना घडलेली आहे.

२०१५ सालची गोष्ट. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. काल्याचे कीर्तन झाले, प्रसाद वाटून झाला, मंडप सोडायला सुरुवात झाली. एक जोडपे मात्र रेंगाळत उभे होते. बरोबर सहा वर्षांचे लेकरू, मुठीत काल्याच्या लाह्या. लेकरू खेळायला पळाले तशी बाई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "महाराज, लेकरू संस्थेतून आणलेलं हाय. पाच महिन्याचं होतं. आता कळतं व्हायलंय. त्याला सांगावं का नाही सांगावं?"

मी क्षणभरही विचार केला नाही. काल्याचा प्रसंग ताजा होता, कृष्णलीला ओठांवर होती. म्हणालो, "माय, जन्म देवकीने दिला आणि लोणी यशोदेने भरवले. गोकुळात कोणी विचारले का कृष्णाला, तू कोणाचा म्हणून? नाती देहाची नसतात, भावाची असतात. नको ती खपली कशाला काढता?" वाक्य छान जमले असे मला तेव्हा वाटले, हेही कबूल करतो. दोघे पाया पडले, समाधानाने गेले. मी पुढच्या गावी गेलो आणि विसरलो.

गेल्या वर्षी त्या घरातून फोन आला.

आपल्याला ठाऊकच आहे, २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरी वंशावळी लिहिल्या जात आहेत. निजामकाळचे कागद, मोडीतल्या नोंदी, खासरा पत्रकांच्या नकला. ज्या घरात पणजोबाचे नाव कोणाला आठवत नव्हते, तिथे सात पिढ्या कागदावर उतरल्या. त्यातल्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण त्या घरातही असाच कागद पसरला होता. घरात अक्षर चांगले कोणाचे, तर या मुलाचे. म्हणून लिहायला तोच बसला. मूळ पुरुषापासून रेघा काढत काढत आपल्या वडिलांपर्यंत आला. त्यांच्या खाली स्वतःचे नाव लिहिणार, तेवढ्यात बाजेवर बसलेले चुलत आजोबा सहज म्हणाले, "त्याचं नाव त्यात कशाला? पुढं पडताळणीला अडचण येईल. रक्ताचं थोडंच हाय ते."

म्हाताऱ्याच्या मनात विष नव्हते. कागदोपत्री व्यवहार सांगावा तसे ते बोलले. मुलाने पेनचे टोपण लावले, कागदाची घडी केली, आणि तिसऱ्या दिवशी लातूरला निघून गेला. अकरावीला तिथे क्लास लावलेला होता. त्यानंतर बावीस दिवस त्याने आईचा फोन उचलला नाही.

आता यातली खरी बोच कोणती, ते पहा. पाच महिन्यांचे बाळ एकाएकी घरात आले, हे खेड्यात लपून राहते का? शेजाऱ्याला ठाऊक, दुकानदाराला ठाऊक, गुरुजींना ठाऊक, ज्या पोरांबरोबर तो विटीदांडू खेळला त्यांच्या आयांना ठाऊक. सगळ्या गावाला जे ठाऊक होते ते त्याच्या एकट्याच्याच बाबतीत होते, आणि त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हते. त्या गावाला गप्प बसण्याचा उपदेश करणारा मी.

फोन ठेवला आणि मला माझाच दृष्टांत टोचू लागला. कृष्णकथा मी अर्धीच सांगितली होती. भागवत पुढे काय सांगते? कंसाचा वध झाल्यावर कृष्ण बंदिवान देवकी-वसुदेवांना सोडवतो, त्यांच्या पायांवर डोके ठेवतो. म्हणजे त्याला सांगितले गेले, त्याने ओळखले, नमस्कार केला. आणि म्हणून यशोदा सुटली का? नाही. त्यानेच पुढे उद्धवाला गोकुळात धाडले. नंद-यशोदेचे सांत्वन करायला. आपण भजनात देवकीनंदनही म्हणतो आणि यशोदेचा कान्हाही म्हणतो. एक नाव घेतले म्हणून दुसरे पुसले जात नाही. हा उत्तरार्ध मी त्या बाईला सांगितला असता, तर तिला तिचे उत्तर मिळाले असते.

दुसरे उदाहरण कर्णाचे. त्यालाही सांगितले गेले, पण कधी? युद्धाच्या तोंडावर, आणि सांगणाऱ्यांच्या गरजेसाठी. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात बसवून जन्म सांगतो, तेव्हा कर्ण काय म्हणतो हे फार वाचण्यासारखे आहे. तो म्हणतो, मला पाहताच राधेला पान्हा फुटला, अधिरथाने माझे संस्कार केले, नाव ठेवले. ते नाते मी राज्यासाठी टाकू का? ज्यांना भीती वाटते की खरे कळले तर लेकरू आपल्याला सोडून जाईल, त्यांनी कर्णाचे हे बोलणे काढून वाचावे. तो गेला नाही. पण ज्या वयात हे कळायला हवे होते ते वय तोवर कधीच गेले होते. कर्णाला जन्माने जेवढे छळले, त्याहून या उशिराने अधिक छळले असे मला वाटते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, महाराज, झाकून ठेवणे ही तर आपली रीतच आहे. मला तसे दिसत नाही. जुन्या काळचे दत्तविधान आठवा. देणारे आईबाप, घेणारे आईबाप, दोघे चारचौघांत समोरासमोर बसत. होम होई, साखर वाटली जाई, नवे नाव ठेवले जाई. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली कवळाण्याचा गोपाळराव दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. कोल्हापूरला १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. कोण कुठून आले हे त्यांना ठाऊक होते, रयतेला ठाऊक होते. त्या पद्धतीचे गोडवे मी गात नाही. तिथे मूल घराण्यासाठी घेत, पिंडासाठी, वतनासाठी. मुलीला तर दत्तक घेतच नसत. १९५६ चा कायदा आला तेव्हा हिंदू घरांत मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. पण उघडेपणा मात्र जुन्या रीतीत होता. लपवाछपवी नंतर आली. वांझपणाची लाज आणि कुमारी मातेची लाज अशा दोन लाजा एकत्र झाल्या आणि त्यांचे ओझे लेकराच्या पाठीवर ठेवले गेले.

त्या कायद्यातली एक बारीक गोष्ट मला मोठी वाटते. दत्तक गेलेले मूल सर्व बाबतींत नव्या घराचे होते. पण जन्मघरात ज्या नात्यात लग्न होऊ शकले नसते, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही करता येत नाही. म्हणजे कायद्यानेही तो धागा पुरता तोडला नाही.

आता आपल्या संप्रदायाकडे येतो.

नांदेडहून आणि लातूरहून सारखेच जवळ, गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. जनाबाईचे गाव. बाप दमा, आई करुंड. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली. आई गेल्यावर बापाने आणून सोडली असे कोणी सांगतात, वारीला आली आणि परत जायला तयारच झाली नाही असे कोणी सांगतात. काही असो, ती गोणाई-दामाशेटींच्या घरात वाढली आणि आयुष्यभर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवीत राहिली.

हे नाव आपण फार गोड मानून घेतो. मीही घेत आलो. पण जरा थांबून पहा. त्या घरात ती लेक होती की मोलकरीण? दळण तिचे, शेण तिचे, गोवऱ्या तिच्या, पाणी तिचे. घरातल्या सगळ्यांनी अभंग रचले आणि त्या सगळ्यांत तिची गणना होते, हे खरे. परंपरा सांगते की १३५० साली नामदेवांनी महाद्वारात कुटुंबासह समाधी घेतली, तेव्हा तीही त्यांच्यातच होती. पण जात्याशी ती एकटीच बसे हेही तिच्याच नावावरचे अभंग सांगतात, आणि तिथे दळू लागायला घरचे कोणी येत नाही, देव येतो. घेतलेल्या लेकराचे घरातले स्थान नेमके कुठे, ही गाठ सातशे वर्षांपूर्वीची आहे. प्रेम होते, आणि तरी काहीतरी उरत होते. जे उरत होते ते तिने लपवले नाही, विठाईपाशी बोलून टाकले, भांडून टाकले. आणि आज पाहा: पंढरपुरात ती नामयाची जनी आहे, गंगाखेडात ती गंगाखेडची जनाबाई आहे. गंगाखेडवाल्यांनी तिचे मंदिर बांधले म्हणून नामदेवांच्या घराचे काही कमी झाले असे कोणी म्हणत नाही.

नामदेवांच्या स्वतःच्या बाबतीत तर दोन्ही कथा आहेत. महीपतींच्या भक्तविजयात ते दामाशेटींना भीमेच्या पात्रात सापडतात. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत ते गोणाईच्या पोटी जन्मतात. वारकऱ्याने यातली एक कथा पुसली नाही. आणि गोणाई? लेक विठ्ठलाच्या पायांशी जाऊन बसतो, घरी येत नाही, म्हणून ती थेट देवाशी भांडायला जाते, माझा मुलगा मला परत दे म्हणते. वाढवलेले लेकरू दुसऱ्या कोणाकडे ओढले जाते, तेव्हा आईच्या काळजात काय होते ते आपल्या संतसाहित्यात उघड लिहिलेले आहे. त्याची लाज कोणी मानलेली नाही. म्हणून ज्या आईला आज वाटते की "माझ्या लेकराने त्या दुसरीचे नाव काढले की पोटात तुटते", तिने स्वतःला पापी समजू नये. ती गोणाईच्या पंक्तीला आहे.

पण पोटात तुटले म्हणून लेकराचे तोंड बंद करावे का? इथेच आपण परमार्थी लोक घोटाळा करतो. चौदा-पंधराव्या वर्षी मूल आरशासमोर उभे राहते. नाक कोणासारखे, हसणे कोणासारखे, गाण्याचे अंग कुठून आले. ज्यांना घरातच उत्तर मिळते त्यांना हा प्रश्न पडलासुद्धा कळत नाही. मामावर गेलाय, आत्यावर गेलीय, संपले. ज्याला आरशात कोणीच ओळखीचे दिसत नाही त्याने काय करावे? तो विचारतो, मी कोण. अहो, कोऽहम् हाच ना तो प्रश्न? आपण प्रवचनात म्हणतो की हा प्रश्न पडायला भाग्य लागते, आणि घरातल्या लेकराला पडला की घाबरतो. मग सोऽहम् हे उत्तर घाईघाईने त्याच्या तोंडात कोंबतो. देह खोटा, कुळ खोटे, सगळे विठ्ठलाचे. हे उत्तर चुकीचे नाही. पण ज्याला आपले कुळ ठाऊक आहे त्याने ते सोडून देणे हे वैराग्य; ज्याला सांगितलेच नाही त्याला सोडून दे म्हणणे ही फसवणूक. हातात नसलेली वस्तू कोणी दान करू शकतो का?

माउली ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी आपली परंपरा सांगितली: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. निवृत्तिनाथ सख्खे थोरले भाऊ, तरी नाते सांगितले ते गुरूचे. हे मीच किती वेळा सांगितले असेल. मात्र त्या भावंडांना आपण कोणाची लेकरे हे पुरते ठाऊक होते; संन्याशाची पोरे म्हणून गावाने ते रोज ऐकवले होते. माहीत असलेले ओलांडून ते पुढे गेले.

अजून एक शब्द मला छळतो, तो म्हणजे उपकार. "आम्ही नसतो तर कुठे असतास?" हे वाक्य रागाच्या भरात बऱ्याच घरांत निघते. पोटच्या लेकराला आपण पांग फेड म्हणतो, तेव्हा ते हसून सोडून देते. घेतलेल्या लेकराला तेच वाक्य पावतीसारखे लागते. मूल घ्यायला कोण गेले होते? नावनोंदणी कोणी केली, वर्षानुवर्षे वाट कोणी पाहिली, ओटी कोणी पसरली? मागणारे आपण आणि ऋणी ते, हा कुठला हिशेब? आणि आपली ती जुनी थट्टा, तुला भांडेवालीकडून जुन्या लुगड्यावर घेतलं म्हणून. घरात पाच लेकरे असतील आणि त्यातले एक खरेच दुसरीकडून आलेले असेल, तर ती थट्टा आजीने आता बंद करावी. "टाकलेलं पोर" हा शब्दही तसाच. मूल संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस कायद्याने दिलेले आहेत. त्या साठ रात्री तिने कशा काढल्या असतील हे आपल्याला माहीत नाही. माहीत नाही तर टाकलेलं म्हणू नये, ओटीत घातलेलं म्हणावे. आपल्या भाषेत तो शब्द आहेच.

मुलाचे वडील आणि मी लोह्याहून बसने निघालो. अहमदपूर, चाकूर, लातूर. वडील सबंध वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. लातूर आले की मला १९९३ आठवते. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली, किल्लारी. आठ हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मागे राहिलेल्या लेकरांपैकी सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाचे 'आपलं घर' उभे केले. त्या लेकरांचे दुःख या मुलाच्या दुःखापेक्षा कितीतरी मोठे. पण त्यांतल्या कळत्या मुलांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आपण कोणाचे, कोणत्या गावचे, आपले घर कुठल्या वळणावर होते. पडलेल्या घराची जागा तरी दाखवता येत होती. बसच्या खिडकीशी बसून मी हेच घोळवत होतो की मोठ्या दुःखाला जे मिळाले ते आपण या पोराला प्रेमाने नाकारले.

मुलगा खोलीवरून खाली आला. चहाच्या टपरीवर बसलो. त्याने वडिलांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"महाराज, नका सांगू म्हणून तुम्हीच म्हणाला होता म्हणे."

"हो."

"काहून?"

चाळीस वर्षे कीर्तन करतो आहे, शब्दाला शब्द कधी कमी पडला नाही. तिथे पडला. मी म्हणालो, "चुकलं बाबा माझं."

बराच वेळ तो कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "माय-दादाचा राग नाही येत मला. गावाचा येतो. सगळे माझ्याकडं बघायचे, मला वाटायचं नुसते बघतात." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "तिला माझी आठवण येत असेल का?"

मी तोंड उघडणार होतो. सवयच ती. पण त्याआधी वडील बोलले, दिवसभरात पहिल्यांदा. "येत असंल. तुझी माय दरसाल तुझ्या वाढदिवसाला तुळशीपाशी दोन दिवे लावती. एक तुझा. दुसरा कुणाचा ते तू कधी इचारलं नाहीस, आम्ही कधी सांगितलं नाही."

पुंडलिकासाठी देव विटेवर उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, हाक न मारता. आईबापांनी उभे राहायचे ते असे, हे मला त्या टपरीवर दिसले. त्या दोघांनी बावीस दिवस फोन केला तो केलाच. पण कोणी क्लासच्या दारात जाऊन रडले नाही, शपथा घातल्या नाहीत.

जन्माचा शोध घ्यायचा असेल तर दत्तक नियमांत त्याची सोय आहे. अठरा पूर्ण झाल्यावर मूल स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांबरोबर करू शकते. जन्मदात्रीचे गुपित मोडणार नाही अशा बेताने जेवढे देता येते तेवढे दिले जाते. वडील म्हणाले, आत्ता अर्ज करायचा तर मी सही करतो. मुलगा म्हणाला, परीक्षा होऊ द्या. आई म्हणते, जाशील तेव्हा मीही येणार, संस्थेत तुला पहिल्यांदा पाहिलं ती खोली मला पुन्हा बघायची आहे.

दिवाळीला तो घरी आला. वंशावळीचा कागद कपाटात तसाच घडी घातलेला होता. त्याने तो काढला, वडिलांच्या नावाखाली शाईने आपले नाव लिहिले, आणि त्याच्या शेजारून वर जाणारी एक रेघ पेन्सिलीने ओढली. तिच्या टोकाला काही लिहिलेले नाही. चुलत आजोबांनी विचारले, हे काय? आईने सांगितले, ते खोडायचे नाही.

या वर्षी त्या गावच्या सप्ताहाचे आमंत्रण आले आहे. काल्याचे कीर्तन माझ्याकडेच आहे.